उरलेली बाटली आणि फ्लेमिंग

मैत्रिणींनो, आपल्या प्रत्येकीच्या फ्रीजच्या दारात औषधाची एखादी उरलेली बाटली असतेच. माझ्याकडेही होती. लेक चार वर्षांची असताना तिला शू करताना जळजळ आणि थंडी वाजून ताप आला. डॉक्टरांनी सात दिवसांचं अँटिबायोटिक दिलं. तिसऱ्या दिवशी पोरगी खेळायला लागली आणि मी औषध थांबवलं. पुन्हा ताप आला तेव्हा जाऊबाईंकडची उरलेली बाटली दिली. असं दोन-तीनदा झालं. शेवटी लघवीचं कल्चर केलं, तर नेहमीची औषधं त्या जंतूंना लागूच पडत नव्हती! आठवडाभर दवाखान्यात सलाईन आणि इंजेक्शनं. संसर्ग किडनीपर्यंत गेला होता, थोडक्यात निभावलं.

तिच्या उशाशी बसून मी अलेक्झांडर फ्लेमिंग यांचं चरित्र वाचलं. तोवर ‘पेनिसिलीनचा शोध’ एवढंच शाळेतलं ठाऊक होतं.

स्कॉटलंडमधल्या शेतकऱ्याच्या घरी १८८१ साली त्यांचा जन्म झाला. सात वर्षांचे असताना वडील गेले. लंडनला येऊन त्यांनी जहाज कंपनीत कारकुनी केली. मग काकांचा थोडा पैसा वारसाहक्कानं मिळाला आणि ते डॉक्टर झाले. पहिल्या महायुद्धात जखमा चिघळून तरणेताठे सैनिक दगावताना त्यांनी पाहिले. ते दुःख मनात घर करून राहिलं. १९२८ च्या सप्टेंबरात सुटीवरून परतले, तर जंतू वाढवायच्या एका बशीत बुरशी आलेली आणि तिच्याभोवतीचे जंतू मेलेले! आपण बुरा आलेलं लोणचं फेकतो, त्यांनी ती बशी निरखून पाहिली. पुढे फ्लोरी आणि चेन यांनी त्यातून वापरण्याजोगं औषध तयार केलं. १९४५ मध्ये तिघांना मिळून नोबेल मिळालं.

एवढा मान मिळाल्यावर माणूस कौतुक ऐकून घेतो. फ्लेमिंग यांनी मात्र नोबेलच्या भाषणातच धोका सांगितला. त्यांनी एक कल्पित गोष्ट रचली. घसा दुखतो म्हणून नवरा स्वतःच थोडंसं पेनिसिलीन घेतो. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. तेच जंतू बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, औषध चालत नाही आणि ती दगावते. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. त्या नवऱ्याच्या जागी मला मीच दिसले.

मुलांच्या लघवीच्या संसर्गात बहुतेकदा ई. कोलाय हा जंतू असतो. पेनिसिलीन त्याच्यावर चालत नाही, हे फ्लेमिंग यांनी १९२९ मध्येच नोंदवलं होतं. पुढे त्याच्यावर दुसरी औषधं आली, आता त्यांतल्याही कित्येकांना तो दाद देत नाही.

१९५५ साली फ्लेमिंग गेले. त्यांचा इशारा मात्र आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोचायला हवा. सर्दी-खोकला नसताना लहान मुलाला ताप आला, शू करताना ते रडलं, तर डॉक्टरांना लघवीच्या तपासणीबद्दल विचारा. कल्चरचा नमुना शक्यतो अँटिबायोटिक सुरू होण्याआधी द्यावा. औषध डॉक्टरांनी सांगितलं तितकेच दिवस द्या, मनानं थांबवू नका. आणि शेजारणीची बाटली? मुळीच नको.

माझ्या फ्रीजच्या दारात आता फक्त लिंबाचं सरबत असतं.