मोठ्या तोंडाचे भिंग आणि योझेफ पेत्सवाल

गेल्या स्नेहसंमेलनात आपल्याच एका विद्यार्थ्याने नाटकाचे चित्रीकरण केले. कॅमेरा नव्या धर्तीचा, मिररलेस. त्यावर कुणाकडून तरी मागून आणलेली ८५ मिलिमीटरची, एफ १.८ ची लेन्स. रंगमंचावर उजेड बेताचाच, म्हणून पठ्ठ्याने लेन्स पूर्ण उघडी ठेवली. चित्र उजळ आले खरे, पण नायिका एक पाऊल पुढे आली की तिचा चेहरा पुसट आणि मागची खिडकी स्वच्छ! बिचारा कॅमेऱ्याला दोष देत होता. कॅमेऱ्याचा दोष नव्हता. भिंगाचे तोंड जितके मोठे, तितका उजेड अधिक. पण जितका उजेड अधिक, तितका फोकसचा पट्टा अरुंद. हा सौदा छायाचित्रकलेच्या जन्मापासून चालत आलेला आहे, आणि तो जगाच्या पदरात प्रथम घातला तो व्हिएन्ना विद्यापीठातल्या गणिताच्या एका प्राध्यापकाने. त्यांचे नाव योझेफ पेत्सवाल.

पेत्सवाल यांचा जन्म ६ जानेवारी १८०७ चा, त्या वेळच्या हंगेरीच्या राज्यातील स्पिश्स्का बेला या लहानशा गावचा. हे गाव आज स्लोव्हाकियात आहे. वडील शाळामास्तर आणि चर्चमधले ऑर्गनवादक. मुलाचे गणित शाळेत कच्चे होते, त्याला चांभारकाम शिकायला पाठवावे असा विचार घरात चालला होता आणि मग एका सुटीत गणिताचे एक पुस्तक हाती पडून त्याचे डोळे उघडले, असे सांगतात. थोरांच्या बालपणाविषयी अशा कथा फार असतात. तेव्हा ही किती खरी मानायची ते वाचकांनी ठरवावे. पेश्त येथे अभियांत्रिकी शिकून ते तिथल्याच नगरपालिकेत अभियंता झाले. डॅन्यूबचे पूर, बंधारे, गटारे हे त्यांचे कामाचे विषय. पुढे पेश्तच्या विद्यापीठात प्राध्यापकी आणि १८३७ साली व्हिएन्नात गणिताचे अध्यासन मिळाले. अंगाने धिप्पाड, तलवारबाजीत तरबेज, आणि व्याख्यानाला काळ्या अरबी घोड्यावर बसून येणारे, अशी त्यांची व्हिएन्नात ख्याती होती.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेर यांची छायाचित्रणाची रीत जाहीर झाली. त्या वेळी व्हिएन्नाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एटिंग्सहाउसेन पॅरिसमध्येच होते. परत आल्यावर त्यांनी पेत्सवाल यांच्यापुढे खरी अडचण मांडली. दागेर यांच्या कॅमेऱ्यावर शेव्हालिए यांचे भिंग असे. त्याच्या कडेकडून येणारे किरण नीट एकत्र येत नसत, म्हणून पुढे लहान भोक ठेवून त्याचे तोंड एफ १५ च्या आसपास आवळावे लागे. इमारतींचे चित्र ठीक निघे; इमारत हलत नाही. पण माणसाला भर उन्हात कित्येक मिनिटे डोळे न हलवता बसवायचे कसे? चेहऱ्याचे चित्र हवे तर भिंगाचे तोंड मोठे करणे भाग होते, आणि तोंड मोठे केले की चित्र धूसर होई.

भिंगे बनवणारे कारागीर तोवर हे सारे अजमासाने करीत. एक भिंग घासायचे, लावून पाहायचे, जमले नाही तर दुसरे घासायचे. पेत्सवाल यांनी काच हातात घेण्याआधी कागद घेतला. प्रत्येक किरण प्रत्येक पृष्ठभागावर किती वळेल याचा हिशेब त्यांनी मांडला. आज संगणक हे काम क्षणात करतो. तेव्हा हाताने गुणाकार-भागाकार करायला माणसे लागत. तोफखान्याचे प्रमुख असलेल्या आर्चड्यूक लुडविग यांनी त्यांना तोफखान्यातील अकरा जण दिले. तोफगोळ्याच्या मार्गाचे गणित करणारी ही माणसे आकडेमोडीत पक्की होती. सहा महिने त्यांनी तोफा सोडून काचेचा हिशेब केला.

१८४० साली व्हिएन्नातील फोइग्टलेंडर यांच्या कारखान्यात या आकड्यांवरून भिंग तयार झाले. पुढे दोन काचा एकमेकींना चिकटवलेल्या, मागे दोन काचा मध्ये हवेची फट ठेवून, अशी चार काचांची ती रचना होती. नाभीय अंतर सुमारे १५० मिलिमीटर आणि तोंड एफ ३.६. जुन्या भिंगापेक्षा प्लेटवर पडणारा उजेड पंधरा-वीस पट! मिनिटांचे काम सेकंदांवर येण्याची वाट मोकळी झाली. पुढच्याच वर्षी फोइग्टलेंडर यांनी हे भिंग बसवलेला पितळी कॅमेरा बाजारात आणला, आणि चेहऱ्याची छायाचित्रे काढणे हा धंदा झाला.

आता त्या सौद्याची दुसरी बाजू. माणूस दीड मीटरवर बसवला तर या भिंगाचा फोकस जेमतेम सात सेंटीमीटर खोलीत नीट लागतो. नाकाचा शेंडा धरला तर कान पुसट. शिवाय चित्र मध्यभागी लख्ख आणि कडेला विरघळत गेलेले. छायाचित्रकार मग काय करीत? घाशीव काचेवर चित्र पाहून फोकस डोळ्यांवर लावीत आणि डोके मागून लोखंडी चिमट्यात धरून ठेवीत. चेहरा मध्यभागी असल्यामुळे कडेचा दोष खपून जाई, किंबहुना लोकांना तो आवडूही लागला. २०१३ साली ऑस्ट्रियातीलच एका कंपनीने याच रचनेचे नवे भिंग मुद्दाम त्या विरघळत्या कडेसाठी काढले. म्हणजे पेत्सवाल यांचा जो नाइलाज होता, ती आता हौस झाली आहे.

आमच्या विद्यार्थ्याला चिमटा लावायची सोय नव्हती. नाटकातली नायिका चालणारच. तिची जागा आधी ठरवून घ्यायची, तिथे खडूची खूण करायची, तालमीच्या वेळी फोकसची कडी त्या खुणेपर्यंत फिरवून हात बसवायचा, आणि लेन्स १.८ वरून २.८ वर आणून उजेडाची उणीव कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवून भरून काढायची, एवढेच त्याच्या हाती होते. लेन्स घेताना आकडा जितका लहान तितकी ती थोर, असे समजणाऱ्यांनी हे आधी जोखावे.

पेत्सवाल यांना या शोधाबद्दल मिळाले एकरकमी २००० गुल्डन. भिंग हजारोंनी खपले, पण त्यातला पुढचा वाटा त्यांना नव्हता. दोघांचे बिनसले. १८४९ साली फोइग्टलेंडर यांनी ब्राउनश्वाइगला कारखाना काढला आणि ऑस्ट्रियाबाहेर तेच भिंग बनवणे सुरू ठेवले. पेत्सवाल यांनी पुढे डीट्झलर नावाच्या कारागिराला हाताशी धरून दुसरे भिंग बाजारात आणले, तर फोइग्टलेंडर यांनीही तशाच रचनेचे भिंग आणले आणि भांडण चव्हाट्यावर आले. प्राध्यापकावर अन्याय झाला असे आपण सहज म्हणतो, आणि तो काही अंशी झालाही. पण माझ्या मते त्यांचा स्वतःचा वाटाही लहान नाही. १८४३ साली त्यांनी आपल्या संशोधनाचा एक वृत्तांत छापला. त्यात निष्कर्ष दिले. ते कसे काढले हे दिले नाही. सपाट प्लेटवर सपाट चित्र पडण्याची जी अट त्यांनी सांगितली, ती भिंगरचनाकार आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. मात्र तिच्यामागचे गणित मोठ्या ग्रंथात सविस्तर येईल असे म्हणून त्यांनी हातचे राखले. दरम्यान म्युनिकच्या झायडेल यांनी १८५६ च्या सुमारास भिंगांच्या दोषांचा सिद्धांत स्वतंत्रपणे मांडून छापला, आणि पुढच्या पिढ्या तोच शिकल्या.

स्वभाव हट्टी होता. १८५२ साली व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीत त्यांनी डॉप्लर यांच्या सिद्धांतावर कडाडून हल्ला चढवला. इतक्या सोप्या गणितातून निसर्गाचा मोठा नियम निघूच शकत नाही, असा त्यांचा एकूण रोख होता. हॉलंडमध्ये १८४५ सालीच आगगाडीवर वादक बसवून बॉइस बालॉट यांनी तो सिद्धांत पडताळून पाहिला होता. तरी पेत्सवाल हटले नाहीत. आजारी डॉप्लर पुढच्याच वर्षी व्हेनिसला वारले. या वादात पेत्सवाल चुकले होते, हे त्यांच्या चरित्रातून वगळता येणार नाही.

व्हिएन्नाजवळच्या कालेनबर्ग टेकडीवर एका जुन्या मठाच्या वास्तूत ते राहत. १८५९ साली त्या घरात चोर शिरले आणि वर्षानुवर्षांची हस्तलिखिते नष्ट झाली. भिंगांच्या ग्रंथाचे कागदही त्यातच गेले. त्यानंतर ते प्रकाशशास्त्रापासून दूर होत गेले. १८६९ साली, बासष्टाव्या वर्षी, त्यांनी आपल्या घरी काम पाहणाऱ्या बाईंशी लग्न केले. चार वर्षांत त्या वारल्या. १८७७ साली निवृत्त झाल्यावर ते फारसे कुणाला भेटत नसत. १७ सप्टेंबर १८९१ रोजी व्हिएन्नात त्यांचे निधन झाले. चारच वर्षांनी पॅरिसमध्ये सिनेमाचे खेळ सुरू झाले. पुढे कित्येक दशके सिनेमाच्या प्रक्षेपकांत त्यांच्याच रचनेची भिंगे बसवली जात होती. ग्रंथ मात्र पुन्हा लिहून झाला नाही.