एक्सप्लेनर : ‘नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात’; डॉ. रखमाबाईंनी काय निवडलं?

डिजिटल डेस्क, भंडारा : परदेशात शिकलेली पहिली मराठी महिला डॉक्टर कोण, तर आनंदीबाई जोशी, हे शाळेत पाठ झालेलं असतं. पण आनंदीबाई १८८७ मध्ये प्रॅक्टिस सुरू होण्याआधीच गेल्या. त्याच वर्षी मुंबईत २२ वर्षांची रखमाबाई कोर्टाला नकार देत होती.

नेमकं प्रकरण काय?

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लग्न झालं, पण त्या माहेरीच राहिल्या. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरात पुस्तकं होती, शिक्षणाला मोकळीक होती. बायको नांदायला येत नाही म्हणून दादाजींनी १८८४ मध्ये मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. त्यावर अपील झालं आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी नवऱ्याकडे जाण्याचा आदेश दिला. न गेल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद. रखमाबाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली. समजत नसलेल्या वयात झालेलं लग्न आपल्यावर बंधनकारक नाही, हा त्यांचा मुद्दा होता. लोकमान्य टिळकांचा ‘केसरी’ त्यांच्या विरोधात होता, हेही सांगायला हवं.

तुरुंगाची वेळ मात्र आली नाही. १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली.

मग डॉक्टर कशा झाल्या?

कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी मदत केली. १८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या, लंडनच्या महिला वैद्यकीय शाळेत शिकल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. पुढे सुरत आणि राजकोटच्या महिला रुग्णालयांत तीन दशकांहून जास्त नोकरी. भारतातल्या पहिल्या प्रॅक्टिस करणाऱ्या महिला डॉक्टर, असं व्हॉट्सअॅपवर फिरतं, ते बरोबर नाही. कोलकात्याच्या कादंबिनी गांगुली त्यांच्या आधीच्या.

१९०४ मध्ये दादाजी वारले. ज्यांच्या घरी त्या कधी नांदल्या नाहीत, त्यांच्यासाठी रखमाबाईंनी विधवेची पांढरी साडी नेसली. दुसरं लग्न केलं नाही. २५ सप्टेंबर १९५५ रोजी वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

आज कायदा काय सांगतो?

या खटल्याच्या चर्चेनंतर १८९१ मध्ये संमतीवय १० वरून १२ झालं. नांदायला येण्याचा दावा हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली आजही लावता येतो, नवऱ्याला आणि बायकोलाही. आदेश न पाळल्यास मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, तुरुंग नाही.