धोंडो केशव कर्वे व मुरूडचे ग्रामण्य

पुणे शहरातील ज्या वस्तीस आज कर्वेनगर म्हणतात, तेथे पूर्वी हिंगणे बुद्रुक नावाचे लहानसे खेडे होते. ज्यांच्यावरून हे नवे नाव पडले त्या धोंडो केशव ऊर्फ अण्णासाहेब कर्वे ह्यांच्या स्त्रीशिक्षणाच्या कार्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्रातील एकच गोष्ट वाचकांपुढे ठेवावयाची आहे. ज्या लोकांनी ह्या मनुष्यास वाळीत टाकले, त्यांच्याशी तो कसा वागला, ही ती गोष्ट होय. बांधावरील भांडणे, भावकीतील तंटे व पंगतीतील मानापमान खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या कसे चालतात हे आपणांपैकी कोणास ठाऊक नाही?

कर्वे ह्यांचा जन्म 18 एप्रिल 1858 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली ह्या गावी, आजोळी झाला. त्यांचे बालपण मात्र दापोलीजवळच्या मुरूड ह्या समुद्रकाठच्या गावी गेले. घरची गरिबी होती. सतराव्या वर्षी परीक्षेसाठी ते मुरूडहून साताऱ्यास शंभराहून अधिक मैल पायी गेले. परंतु अंगाने किरकोळ असल्यामुळे वय कमी दिसते, असे ठरवून परीक्षकांनी त्यांस बसू दिले नाही. आले तसे ते परत गेले. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून 1884 साली ते पदवीधर झाले व 1891 साली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. त्याच वर्षी त्यांची पत्नी राधाबाई लहान मुलास मागे ठेवून वारली.

दुसरे लग्न करावयाचे तर विधवेशीच करावयाचे, असा त्यांचा निश्चय होता. त्यांच्या एका मित्राची बहीण गोदूबाई ही बालपणीच विधवा झाली होती. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत उघडलेल्या शारदा सदनात शिकावयास आलेली ती पहिली विधवा. 11 मार्च 1893 रोजी पुण्यात हा विवाह झाला व गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या.

ह्यानंतर नवरा-बायको मुरूडास गेली, तेव्हा गाव बसला व ग्रामण्य झाले. कर्वे ज्या सभेत असतील तेथे कोणी बसू नये. त्यांच्या भावाने त्यांस घरात उतरू दिल्यास भावासही वाळीत टाकावे, असे ठरले. ह्या शिक्षेची करामत पाहा. ती एकट्या अपराध्यावर पडत नाही. भाऊ भावाला दार उघडू शकत नाही, आई पोटच्या मुलाला पानावर घेऊ शकत नाही आणि शेजारी मनातून कळवळला तरी भीतीने तोंड फिरवितो. शिवाय ज्या गावाच्या उपयोगासाठी कर्वे ह्यांनी मुंबईस असताना निधी उभारला होता, तोच हा गाव!

येथे दोन वाटा होत्या. गावाशी वैर धरावे, ही एक; प्रायश्चित्त घेऊन पत्नीस दूर करावे, ही दुसरी. कर्वे ह्यांनी दोन्ही सोडल्या. आपण केले ते योग्य होते ह्यावरून ते तिळभर ढळले नाहीत. पण गावकऱ्यांस त्यांनी शत्रूही मानले नाही. त्यांनी पुढे आपले आत्मवृत्त लिहिले, त्यातही कोणाविषयी कडवटपणा नाही. 1893 सालीच त्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापिली होती. 1895 साली तिचे नाव पालटून विधवा-विवाह-प्रतिबंध-निवारक मंडळी असे करण्यात आले. नाव लांबलचक झाले खरे, पण भाव पुष्कळ मवाळ झाला. आम्ही कोणास विवाहाची चेतावणी देत नाही, ज्यांस तो करावयाचा आहे त्यांच्या वाटेतील धोंडे तेवढे दूर करितो, असा त्याचा अर्थ. समोरच्याच्या मनात कोणती भीती आहे हे ओळखून शब्द निवडण्याची ही रीत पुष्कळ सुधारकांस साधली नाही.

हीच रीत त्यांनी आश्रमात चालविली. 1896 साली अनाथ बालिकाश्रम मंडळी निघाली. 1900 साली प्लेगच्या दिवसांत, रावबहादूर गोविंद गणेश गोखले ह्यांनी दिलेल्या सहा एकर जागेवर, आश्रम हिंगण्यास एका झोपडीत आला. कॉलेजचे काम आटोपून कर्वे सुमारे चार मैल चिखल तुडवीत तेथे जात. ज्या बापांनी व भावांनी मुलींचे केशवपन करून त्यांस कोपऱ्यात बसविले होते, त्यांच्याच दारी ते मुलगी शिकावयास द्या म्हणून जात. त्यांनी त्या लोकांस दोष देण्यात वेळ दवडला नाही. आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार करावयाचा नाही, हेही त्यांनी ठरवून टाकले, म्हणून भ्यालेले आईबाप मुली पाठवू लागले.

तथापि ह्या मवाळपणाची किंमत कोणी भरली, हे सांगितलेच पाहिजे. आनंदीबाई पुनर्विवाहित म्हणून त्यांस त्या आश्रमात मोकळेपणाने जागा मिळेना. पतीने उभारलेल्या घरी त्याच परक्या! ‘माझे पुराण’ ह्या त्यांच्या आत्मकथनात संसाराची ओढाताण स्पष्ट उमटली आहे. लोकांशी समेट करिताना घरच्या माणसाचे दुःख मोजावयाचे राहून जाते, आणि कर्वे ह्यांच्या हातूनही ते राहिले, असे आमचे मत आहे. आरंभी आश्रमात बहुतेक उच्चवर्णीय मुलीच होत्या, हेही खरे.

कॅनडा देशात एल्मिरा गावी 1974 साली दोन तरुणांनी बावीस ठिकाणी नासधूस केली, तेव्हा न्यायाधीशाने त्यांस ज्यांचे नुकसान झाले त्यांच्या दारोदार पाठवून ते भरून द्यावयास लाविले. दंडापेक्षा नाते सांधण्यावर भर देणाऱ्या ह्या न्यायपद्धतीचा पुष्कळ देशांत आज अभ्यास होतो. मुरूडास असा न्यायाधीश कोण होता? तेथे न्याय देणाराच अन्याय करीत होता. म्हणून सांधण्याचे काम ज्याच्यावर घाव बसला त्यालाच करावे लागले, आणि त्यास वर्षांमागून वर्षे लागली.

1916 साली कर्वे ह्यांनी महिलांचे विद्यापीठ काढले. 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी ह्यांनी त्यास पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिली. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, म्हणजे 1936 साली, ज्या खेड्यांत शाळा नाही तेथे ती काढण्यासाठी त्यांनी मंडळ स्थापिले. जातिभेदाची आच ज्यास तरुणपणी लागली, त्याने 1944 साली, शहाऐंशीव्या वर्षी, समता संघ काढला. 1958 साली त्यांस भारतरत्न हा सन्मान मिळाला. आनंदीबाई 1950 साली व कर्वे 9 नोव्हेंबर 1962 रोजी, एकशे चार वर्षांचे होऊन, वारले.

हिंगण्याची ती झोपडी संस्थेने जतन करून ठेविली आहे. आणि जेथे त्यांस भावाच्या घरी उतरण्याची बंदी होती, त्या मुरूड गावातही आज त्यांचे स्मारक आहे.