समजून घ्या : राज्य शंकराचे, कारभार अहिल्यादेवींचा! काशी-सोमनाथची मंदिरे कोणत्या पैशातून उभी राहिली?

बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव राजासारख्या गावांतून वेरूळच्या घृष्णेश्वराला जाणारे भाविक आजही होळकरांचे नाव घेतात. या मंदिराचा १८व्या शतकातला जीर्णोद्धार होळकर घराण्याने केला. काशी, सोमनाथ, गया इथेही नाव निघते ते अहिल्यादेवींचेच. पण ही ठिकाणे त्यांच्या राज्यात नव्हती. मग हे घडले कसे?

सत्ता हाती कशी आली?
अहिल्यादेवींचा जन्म १७२५ मध्ये चौंडी (ता. जामखेड) येथे झाला. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात मारले गेले. सती जायला निघालेल्या सुनेला सासरे मल्हारराव होळकरांनी थांबवले आणि कारभार शिकवला. १७६६ मध्ये मल्हारराव आणि १७६७ मध्ये मुलगा मालेराव गेला. त्यानंतर राज्याची सूत्रे अहिल्यादेवींकडे आली. फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे होती.

हुकमावर 'श्री शंकर' का?
राज्य शंकराचे, आपण फक्त सांभाळणाऱ्या, अशी त्यांची भावना होती. म्हणून हुकमावर स्वतःऐवजी 'श्री शंकर' असे लिहिले जाई. जपानमध्ये सम्राट राज्य करी आणि घराण्यातली अविवाहित राजकन्या इसे येथील देवस्थानाच्या सेवेला पाठवली जाई. ही प्रथा १४व्या शतकात थांबली. आख्यायिकेनुसार या देवस्थानाची जागा यामातोहिमे या राजकन्येने शोधली. तिथे सत्ता एकाकडे, सेवा दुसऱ्याकडे होती. महेश्वरमध्ये दोन्ही एकाच बाईकडे होते.

पैसा कुठून आला?
मंदिरे, घाट, धर्मशाळांचा खर्च खासगीतून, म्हणजे होळकर घराण्यातील स्त्रियांच्या स्वतंत्र उत्पन्नातून झाला. राज्याच्या तिजोरीवर त्याचा भार नव्हता. काशी (१७८०) आणि सोमनाथ (१७८३) या दोन्ही ठिकाणी जुन्या जागेजवळ नवे मंदिर बांधले गेले. त्यासाठी लढाई करावी लागली नाही.

घरचे दुःख
१७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले. मुलगी मुक्ताबाई सती गेली. सासऱ्यांनी आपल्याला थांबवले होते, पण मुलीला थांबवणे अहिल्यादेवींना जमले नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या ७०व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांनी बांधलेल्या काशी विश्वनाथ मंदिरात आजही रोज दर्शनाची रांग लागते.