नाव सांगा, मत द्या : पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन

नवी दिल्ली : स्वतंत्र भारताच्या पहिल्या मतदारयाद्या तयार होत होत्या, तेव्हा बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत आणि विंध्य प्रदेश या राज्यांत घरोघरी जाणाऱ्या नोंदणी कर्मचाऱ्यांना एकाच अडचणीला वारंवार सामोरे जावे लागले. घरातील स्त्री परक्या पुरुषाला आपले नाव सांगत नव्हती. मग यादीत नोंद होई ती अमक्याची आई, तमक्याची पत्नी किंवा मुलगी अशी. ही बाब देशाचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे आली आणि एक पेच उभा राहिला. अशी नोंद तशीच ठेवली, तर मतदानाच्या दिवशी त्या नोंदीवर नेमके कोण आले, हे ओळखायचे कसे? आणि ती वगळली, तर जिला आयुष्यात प्रथमच मताचा अधिकार मिळाला, तिलाच दाराबाहेर ठेवायचे काय?

सेन यांनी नावाचा आग्रह सोडला नाही. स्वतःचे नाव न सांगणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रियांच्या नोंदी अखेर यादीतून वगळाव्या लागल्या. मतदाराची ओळख आणि मतदाराचा अधिकार यांतील ताण भारतीय लोकशाहीने पहिल्याच पावलावर अनुभवला. आजही मतदारयाद्यांची पडताळणी, ओळखपत्रांची सक्ती आणि वगळलेली नावे यांवरून वाद होतात, तेव्हा या अबोल बंगाली अधिकाऱ्याच्या कारकिर्दीकडे पुन्हा पाहावेसे वाटते.

सुकुमार सेन यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका बंगाली कुटुंबात झाला. कोलकात्याचे प्रेसिडेन्सी कॉलेज आणि पुढे लंडन विद्यापीठ येथे त्यांचे शिक्षण झाले. गणित हा त्यांचा आवडीचा विषय आणि त्यात त्यांनी सुवर्णपदकही मिळवले होते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या प्रारंभी ते इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. बंगालच्या निरनिराळ्या जिल्ह्यांत त्यांनी प्रशासक आणि न्यायाधीश म्हणून काम केले. स्वातंत्र्यानंतर ते पश्चिम बंगालचे मुख्य सचिव झाले. त्याच पदावरून मार्च १९५० मध्ये त्यांना दिल्लीत आणण्यात आले आणि दोन महिन्यांपूर्वी अस्तित्वात आलेल्या निवडणूक आयोगाची सूत्रे त्यांच्या हाती सोपवण्यात आली. त्या काळी आयोग एकसदस्यीय होता. आयोगाचा प्रत्येक निर्णय, त्याचे श्रेय आणि त्याचा दोषही एकट्या सेन यांच्या वाट्याला येणार होता.

काम मात्र शून्यातून सुरू झालेले नव्हते. संविधान अमलात येण्याच्या कितीतरी आधी, १९४७-४८ पासूनच संविधान सभेच्या सचिवालयाने प्रौढ मताधिकाराच्या आधारे याद्या तयार करण्याचे काम हाती घेतले होते. फाळणीनंतर सीमा ओलांडून आलेल्या निर्वासितांचा प्रश्न त्याच वेळी पुढे आला. त्यांच्यापाशी ना घर होते, ना वास्तव्याचा पुरावा. आपण येथेच कायम राहणार, असे लेखी निवेदन देणाऱ्या निर्वासितांची नावे यादीत घेण्याचा मार्ग तेव्हा काढण्यात आला. ज्याच्याजवळ कागद नाही त्यालाही मतदार मानता येते, हा धडा सेन यांच्या नियुक्तीपूर्वीच गिरवला गेला होता.

पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांना निवडणूक शक्य तितक्या लवकर, १९५१ च्या पूर्वार्धातच व्हावी असे वाटत होते. सेन यांनी घाई नाकारली. २१ वर्षे पूर्ण झालेले १७ कोटींहून अधिक मतदार, त्यांतील सुमारे ८५ टक्के निरक्षर, लोकसभेच्या ४८९ जागा आणि त्याच वेळी राज्य विधानसभांच्या तीन हजारांहून अधिक जागा, असा हा पसारा होता. केंद्राची आणि राज्यांची निवडणूक एकाच यादीवर, एकाच केंद्रावर आणि एकाच दिवशी व्हायची असल्याने यादीत चूक राहिली तर ती दोन्हीकडे भोवणार होती. याद्या टंकलिखित करून जुळवण्यासाठी सहा महिन्यांच्या करारावर सुमारे साडेसोळा हजार कारकून नेमण्यात आले.

निवडणुकीची विश्वासार्हता एका उपायाने साधत नाही, हे गणिताच्या या पदवीधराने ओळखले होते. म्हणून त्यांच्या व्यवस्थेत एकामागून एक अशा अनेक चाळण्या होत्या. पहिली चाळणी नावाची. दुसरी, गावातील ओळखीची. मतदान केंद्रावर उमेदवारांचे प्रतिनिधी बसलेले असत आणि समोरचा मतदार तोतया वाटल्यास त्यांना तेथेच आक्षेप घेता येई. तिसरी चाळणी शाईची. भारतीय शास्त्रज्ञांनी तयार केलेली, धुऊनही कित्येक दिवस न जाणारी शाई मतदाराच्या बोटाला लावण्यात आली. त्या पहिल्या निवडणुकीत या शाईच्या पावणेचार लाखांहून अधिक कुप्या वापरल्या गेल्या. एका माणसाने दुसऱ्यांदा मत देऊ नये, यासाठी त्याच्याकडे कोणताही कागद मागण्याची गरज उरली नाही. त्याचे बोटच पुरावा झाले.

निरक्षर मतदाराला उमेदवाराचे नाव वाचता येणार नाही, म्हणून प्रत्येक पक्षाला चिन्ह देण्यात आले आणि प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र मतपेटी ठेवण्यात आली. मतदाराने कोरी मतपत्रिका आपल्या पसंतीच्या चिन्हाच्या पेटीत टाकायची, इतके ते सोपे होते. त्यासाठी सुमारे २० लाख पोलादी पेट्या बनवाव्या लागल्या आणि ८,२०० टन पोलाद लागले. सव्वादोन लाखांच्या आसपास मतदान केंद्रे उभारण्यात आली. मतदान म्हणजे काय, हे समजावणारा माहितीपट देशभरातील तीन हजारांहून अधिक चित्रपटगृहांत दाखवण्यात आला. आकाशवाणीवरूनही प्रचार झाला.

पहिले मत २५ ऑक्टोबर १९५१ रोजी हिमाचल प्रदेशातील चिनी तहसिलीत पडले. बर्फ पडून डोंगरवाटा बंद होण्याआधी तेथील मतदान उरकणे आवश्यक होते. देशाच्या इतर भागांत ते फेब्रुवारी १९५२ पर्यंत टप्प्याटप्प्याने चालले. लोकसभेसाठी सुमारे ४५ टक्के मतदारांनी मत दिले.

व्यवस्था निर्दोष होती असे नाही. मतदार आतल्या कप्प्यात एकटाच जात असल्याने कोरी मतपत्रिका पेटीत न टाकता ती बाहेर नेणे अशक्य नव्हते. दोन जागांच्या मतदारसंघांत मतदारांचा गोंधळ उडाला. मुंबई उत्तर या अशाच मतदारसंघात ज्यांनी कायदामंत्री म्हणून लोकप्रतिनिधित्वाचे कायदे संसदेत मांडले होते, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले. बाद ठरलेल्या हजारो मतपत्रिकांचा मुद्दा घेऊन त्यांनी अशोक मेहता यांच्यासह निवडणूक याचिका दाखल केली होती. निकालावर शंका असेल तर ती रस्त्यावर नव्हे, याचिकेच्या मार्गाने मांडावी, ही रीतही याच निवडणुकीने घालून दिली.

सर्वांत मोठी उणीव मात्र त्या २८ लाख स्त्रियांची होती. सेन यांनी ती लपवली नाही. निवडणुकीनंतरच्या अहवालात त्यांनी ती स्पष्टपणे नोंदवली. नोंदी थेट वगळण्याआधी बिहारला नावे मिळवण्यासाठी एक महिन्याची मुदतवाढ देण्यात आली होती आणि तेथे तिचा चांगला उपयोग झाला. राजस्थानात मात्र मुदत देऊनही प्रतिसाद तोकडा राहिला. या कठोरपणामुळे पुढच्या वेळी स्त्रिया नाव सांगतील, अशी आयोगाची अपेक्षा होती आणि दुसऱ्या निवडणुकीपर्यंत ही परिस्थिती खरोखरच बरीच सुधारली. तरीही १९५२ मध्ये ज्यांचे मत गेले, ते त्यांना परत मिळाले नाही. यादी शुद्ध ठेवण्याची किंमत होती आणि ती सर्वांनी सारखी मोजली नव्हती.

भारतातील या प्रयोगाकडे जगाचे लक्ष गेले. सुदानमध्ये स्वातंत्र्यापूर्वीची संसदीय निवडणूक घेण्यासाठी १९५३ मध्ये आंतरराष्ट्रीय निवडणूक आयोग नेमण्यात आला, तेव्हा त्याचे अध्यक्षपद सेन यांच्याकडे आले. या आयोगात सुदानी सदस्यांबरोबर इजिप्त, ब्रिटन आणि अमेरिका यांचेही प्रतिनिधी होते. सुदानवर इजिप्त आणि ब्रिटन या दोघांचाही दावा होता. दोघांचाही एकमेकांवर विश्वास नव्हता. अशा ठिकाणी दोन्ही बाजूंनी मान्य करावी अशी निवडणूक पार पाडणे ही कसोटी होती. ती त्यांनी पार केली आणि १ जानेवारी १९५६ रोजी सुदान स्वतंत्र झाला. त्याआधी १९५४ मध्ये भारत सरकारने सेन यांना पद्मभूषण किताबाने गौरवले होते.

दुसरी सार्वत्रिक निवडणूक १९५७ मध्ये झाली, तेव्हा राज्यांची पुनर्रचना होऊन काही महिनेच लोटले होते. मतदारसंघ नव्याने आखावे लागले. पहिल्या वेळच्या पोलादी पेट्या सेन यांनी जपून ठेवल्या होत्या. त्या पुन्हा वापरल्यामुळे सरकारचे सुमारे साडेचार कोटी रुपये वाचले. केरळात काँग्रेसला मागे टाकून कम्युनिस्ट पक्षाचे सरकार आले आणि पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला धक्का दिला. केंद्रात बलाढ्य असलेल्या पक्षाला राज्यांत पराभव मुकाट्याने स्वीकारावा लागला. निवडणूक यंत्रणेच्या सचोटीची याहून ठळक पावती दुसरी नव्हती.

शहरांत मात्र एक जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहत होता. खेड्यात मतदाराला सारा गाव ओळखतो. कोलकात्यासारख्या दाट वस्तीच्या शहरात शेजारीही ओळखत नाही. तोतया मतदाराला रोखण्यासाठी छायाचित्रासह ओळखपत्र द्यावे, हा विचार बळावला. १९५८ च्या अखेरीस त्यासाठीची दुरुस्ती संसदेत आली. ती मांडणारे कायदामंत्री अशोक कुमार सेन हे सुकुमार सेन यांचेच धाकटे बंधू होते. त्याच डिसेंबरात सुकुमार सेन यांनी आयुक्तपद सोडले. त्यांचे उत्तराधिकारी के. व्ही. के. सुंदरम यांच्या काळात, १९६० मध्ये कोलकाता नैऋत्य मतदारसंघातील पोटनिवडणुकीत हा प्रयोग करून पाहण्यात आला.

तेथे इतिहासाने तोच प्रश्न पुन्हा विचारला. अनेक स्त्रिया छायाचित्रकारासमोर बसायला तयार झाल्या नाहीत. कित्येक मतदार घरी भेटले नाहीत. अनेक महिने खटपट करूनही तीन लाखांहून अधिक मतदारांपैकी मोठा भाग ओळखपत्राविना राहिला. कार्ड नसलेल्याला परत पाठवायचे ठरवले असते, तर तोतयांपेक्षा खरे मतदारच अधिक संख्येने वगळले गेले असते. आयोगाने प्रयोग थांबवला. नावाच्या बाबतीत १९५२ मध्ये जो आग्रह धरला गेला, तो छायाचित्राच्या बाबतीत धरला गेला नाही. देशव्यापी ओळखपत्रे येण्यास १९९३ साल उजाडले.

निवृत्तीनंतर सेन बंगालमध्ये परतले आणि १९६० मध्ये सुरू झालेल्या बर्दवान विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी आत्मचरित्र लिहिले नाही. मागे राहिले ते त्यांचे अहवाल, आकड्यांनी भरलेले आणि स्वतःच्या यंत्रणेच्या चुका न झाकणारे.

मतदारयादीत एकही खोटे नाव नको आणि एकही खरे नाव गळायला नको, या दोन्ही अपेक्षा रास्त आहेत. दोन्ही एकाच वेळी पुऱ्या होणे मात्र कठीण असते. सेन यांनी पहिलीकडे झुकून निर्णय घेतला आणि दुसरीची हानी किती झाली, हे मोजून जाहीर केले. आज पडताळणीची साधने कितीतरी प्रगत झाली आहेत. पण यादीतून कोण वगळले गेले, हे मोजण्याची आणि ते उघडपणे सांगण्याची जबाबदारी तेवढीच जुनी आणि तेवढीच आवश्यक राहिली आहे.