इंद्रायणीत बुडाले ते कागद कोणते?



आजच्या चिंतनाला गाथेतला तो अभंग घेतलाय, ज्यात तुकोबा स्वतःची हकीकत सांगतात. आपलं आपण सांगू नये, पण संतांनी विचारलं म्हणून सांगतो, अशी आधी सफाई देऊन. अभंग इथे उतरवत नाही. घरात गाथा असेल तर काढा आणि एकदा शांतपणे वाचा. आज मला त्या अभंगामागचा माणूस सांगायचाय. आपल्या डोळ्यांसमोर तुकोबा म्हटलं की वीणा, चिपळ्या आणि वर लागलेली नजर येते. त्याआधीचा देहूच्या पेठेतला कर्जबाजारी दुकानदार येत नाही. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला हप्ता कापला गेल्याचा मेसेज ज्यांना येतो, त्यांनी त्या दुकानदाराला ओळखायला हवं असं मला फार वाटतं.

घर मुळात गरीब नव्हतं. मोरे घराण्याकडे देहूची महाजनकी होती. शेती, गुरंढोरं, दुकान, आणि थोडी सावकारीही. पूर्वज विश्वंभरबाबांपासून घरात विठ्ठलाचं देऊळ आणि पंढरीची वारी. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरले सावजी विरक्त वृत्तीचे, त्यांनी व्यवहार अंगावर घ्यायला नकार दिला. मग तो मधल्या मुलाकडे आला. वय काय, तर परंपरा सांगते तेरा! (जन्मसालाबद्दल अभ्यासकांत वाद आहेत. बहुतेक ठिकाणी १६०८ धरतात.) पहिली काही वर्षं पोरगा धंदा नीट चालवत होता, लोक कौतुक करत होते. हे लक्षात ठेवा, कारण तुकोबांना व्यवहार कळतच नव्हता असा एक गोड गैरसमज आपल्याकडे आहे.

मग एकामागून एक सुरू झालं. सतराव्या वर्षी आई-वडील गेले. पुढच्या वर्षी सावजींची बायको गेली आणि सावजी तीर्थयात्रेला निघून गेले. पदरात दोन बायका. थोरल्या रखुमाबाईंना दमा, धाकट्या जिजाई म्हणजे पुण्याच्या गुळवे सावकारांची लेक. शिवाय धाकटा भाऊ कान्होबा. आणि त्यावर १६३० चा दुष्काळ.

या दुष्काळाची कल्पना आपल्याला करता येत नाही. दख्खन आणि गुजरात दोन्ही होरपळले. शाहजहानच्या दरबारी इतिहासात, बादशाहनाम्यात, पिठात हाडांची भुकटी मिसळून विकल्याची नोंद आहे. पुणं तर त्याच सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने उद्ध्वस्त केलं होतं. अशा वेळी पेठेतल्या दुकानाचं काय होतं? माल महाग, गिऱ्हाईक उपाशी, उधारी वसूल होत नाही आणि आपण ज्यांचं घेतलंय ते दारात. रखुमाबाई अन्न अन्न करत गेल्या. मुलगा संतूही गेला. दिवाळं निघालं, पेठेतली पत गेली. आजच्या अभंगात तुकोबा हे सगळं सांगतात, आणि लाज वाटल्याचंही सांगतात. पैसे गेल्याचं दुःख लोक सांगतात. तोंड दाखवायची लाज वाटली हे कोणी सांगत नाही.

पुढच्या काही वर्षांतल्या धडपडीच्या गोष्टी महिपतींनी ‘भक्तलीलामृता’त (१७७४) दिल्या आहेत. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांनी, भक्ताच्या लेखणीतून. तेवढं भान ठेवून वाचायच्या. बैलांवर गोण्या लादून परमुलखात माल नेणं, मिरची विकायला कोकणात उतरणं, सोन्याची म्हणून कोणीतरी पितळेची मुलामा दिलेली कडी गळ्यात मारणं. त्यातली एक गोष्ट मला कायम अस्वस्थ करते. जिजाईंनी स्वतःच्या नावावर दोनशे रुपये कर्ज काढून दिलं. तुकोबांनी मीठ नेऊन विकलं, दोनशेचे अडीचशे केले. परत येताना वाटेत एक माणूस दिसला, त्याचं सगळं कर्जापायी गेलेलं. तुकोबांनी सगळी रक्कम त्याला देऊन टाकली.

कीर्तनात इथे टाळ वाजतात. मला मात्र दर वेळी दाराशी उभ्या असलेल्या जिजाई दिसतात. कागद त्यांच्या नावाचा होता. आवली म्हणजे कजाग बायको हे चित्र सिनेमा-नाटकांनी आपल्या डोक्यात पक्कं केलंय, पण घरात पोरं आणि नावावर कर्ज असताना ती बाई ओरडली नसती तरच नवल! त्यांच्या रागामागे हिशोब होता, आणि तो बरोबर होता. तुकोबांची करुणाही खरी होती. या दोन खऱ्या गोष्टी एकाच घरात राहत होत्या, आणि मला वाटतं त्या माणसाचा जीव मेटाकुटीला येण्याचं हेही एक कारण असावं.

शेवटी तुकोबा उठले आणि भामनाथच्या डोंगरावर गेले. आज चाकणच्या कारखान्यांच्या गर्दीतून आपण त्याच डोंगराजवळून जातो. पंधरा दिवस तिथे बसले, म्हणतात. कान्होबा शोधत शोधत पोचले. आणि मग दोघं भाऊ इंद्रायणीच्या काठी आले, घरातली खतं-रोखे मागवले. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते: तुकोबांनी कर्जाचे कागद नदीत बुडवले.

आता थांबून विचार करा, ते कागद कोणते होते?

कर्जाचं खत कोणाकडे असतं? ज्याने पैसे दिले त्याच्याकडे. तुकोबांनी जे देणं होतं, त्याचे कागद त्यांच्या घरात असणारच नव्हते, ते सावकारांच्या पेटीत. नदीत गेलं ते त्यांचं येणं. गावातल्या लोकांनी मोऱ्यांच्या दुकानाचं, सावकारीचं जे देणं लागत होतं ते. स्वतःच्या डोक्यावरचं ओझं भिरकावून मोकळं होण्याची ही गोष्ट नाहीच. सोशल मीडियावर या प्रसंगाचं चित्र टाकून खाली ‘टेन्शन सोडा, सगळं विठ्ठलावर सोपवा’ असं लिहिलेलं मी पाहिलंय. क्रेडिट कार्डाचं बिल असं सोपवता येत नाही, आणि तुकोबांनीही तसं केलेलं नाही. दुष्काळाने जसे ते बुडाले तसेच त्यांचे कुळवाडीही बुडाले होते. आपल्या गळ्याला फास बसला की माणूस साहजिकच ज्याच्याकडून येणं आहे त्याचा फास आवळतो. त्यांनी ती साखळी आपल्यापाशी तोडली.

आणि एक बारकावा. कागदांचे त्यांनी आधी दोन वाटे केले. निम्मे कान्होबांचे. कान्होबांना संसार करायचा होता, त्यांनी आपला वाटा ठेवला. तुकोबांनी ना उपदेश केला ना भावाचा हक्क पाण्यात घातला. बुडाला तो फक्त स्वतःचा निम्मा वाटा. त्यागाची लाट आलेली असताना एवढं नेमकं वागता येणं मला चमत्कारापेक्षा मोठं वाटतं. (अभंगांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या ती गोष्ट वेगळी, पुष्कळ नंतरची. त्या वह्या तेरा दिवसांनी वर आल्या असं सांगतात. ही खतं कधी वर आली नाहीत आणि त्यांच्यासाठी कोणी काठावर बसलंही नाही.)

यानंतर काय केलं, हे आजच्या अभंगात ते फार साधेपणाने सांगतात, आणि मला हा भाग सगळ्यात जास्त उपयोगी वाटतो. वाडवडिलांचं देऊळ पडलं होतं, ते मनात आलं तसं दुरुस्त करायला घेतलं. एकादशीला कीर्तन करू लागले. तेव्हा मन अभ्यासात नव्हतं, हेही सांगून टाकतात. मग संतांची काही वचनं श्रद्धेने पाठ केली. पुढे गाणारा असेल त्याच्यामागे ध्रुपद धरलं. जमेल तसा परोपकार करत शरीर झिजवलं. बघा, यात कुठे मोठी झेप आहे? पंधरा दिवसांतून एक दिवस. दुसऱ्याचे शब्द. दुसऱ्याच्या मागे उभं राहून धरलेलं ध्रुपद. डोक्यावरून पाणी गेलेल्या माणसाला स्वतःचं काही सुचत नाही, तेव्हा तो एवढंच करू शकतो, आणि तुकोबांनी एवढंच केलं. स्वप्नात बाबाजी चैतन्यांचा उपदेश, नामदेवांनी पांडुरंगासह येऊन कवित्व सांगणं, हे सगळं त्यानंतरचं.

पुढे एका अभंगात दिवाळं निघालं ते बरंच झालं असा त्यांचा सूर आहे. ते म्हणू शकतात, ज्याचं गेलं त्याने म्हणावं. नोकरी गेलेल्या मित्राला आपण हे ऐकवू नये, एवढं मात्र मला पक्कं वाटतं.

संसार सुटला नाही. मुलं झाली. जिजाई भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी घेऊन चढत राहिल्या. १६५० च्या सुमारास तुकोबा गेले तेव्हा त्या गरोदर होत्या. ते मूल म्हणजे नारायण महाराज, ज्यांनी १६८५ मध्ये पादुका पालखीत घेऊन वारीची आजची रीत सुरू केली.

आणि कान्होबा, ज्यांनी काठावर आपले कागद काढून घेतले होते, ते पुढे तुकोबांच्या कीर्तनात मागे टाळ घेऊन उभे राहिले. भाऊ गेल्यावर त्यांनी देवाशी भांडणारे, माझा भाऊ परत दे म्हणणारे अभंग लिहिले. गाथेत ते आहेत, ‘तुकयाबंधु’ या नावाने. उद्या त्यातला एक घेऊ.