मेंदूचा नकाशा काढणारे डॉक्टर

१९२८ सालच्या डिसेंबर महिन्यातील ही घटना आहे. कॅनडातील मॉन्ट्रियल शहराच्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात रूथ नावाच्या स्त्रीवर मेंदूची शस्त्रक्रिया चालू होती. रूथ ही सहा मुलांची आई. तिच्या मेंदूच्या उजव्या पुढच्या भागात मोठी गाठ वाढली होती. ही गाठ काढणारे शल्यचिकित्सक होते तिचे सख्खे भाऊ, डॉ. वाइल्डर पेनफील्ड.

पेनफील्ड यांचा जन्म २६ जानेवारी १८९१ रोजी अमेरिकेतील स्पोकेन येथे झाला. प्रिन्स्टन विद्यापीठात असताना ते फुटबॉलपटू म्हणूनही ओळखले जात. पुढे ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ते ऑक्सफर्डला गेले. तेथे चार्ल्स शेरिंग्टन या थोर शास्त्रज्ञाने त्यांना मज्जासंस्थेच्या अभ्यासाची गोडी लावली. १९१६ मध्ये ते प्रवास करीत असलेल्या बोटीवर जर्मन पाणबुडीने हल्ला केला. त्यात ते जखमी झाले, परंतु बचावले.

रूथची गाठ पूर्णपणे काढता आली नाही. गाठीबरोबर मेंदूचा पुढचा बराच भागही काढावा लागला. मात्र हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या पट्ट्याच्या अलीकडेच पेनफील्ड थांबले. सव्वा वर्षाने रूथने भावासाठी आणि घरच्यांसाठी जेवणाचा बेत आखला. ती सुगरण होती. सर्व जिन्नस घरात होते, एक-दोन पदार्थ चुलीवरही होते; पण मांस शिजवायला घेतलेच नव्हते, कोशिंबीर झाली नव्हती, आणि रूथ स्वयंपाकघरात गोंधळून उभी होती. मदत मिळताच सारे नीट पार पडले. भावाने हे पाहिले आणि पुढे शास्त्रीय निबंधात नोंदविले. स्वतःच्या बहिणीविषयी इतक्या तटस्थपणे लिहिणे सोपे नसणार. १९३१ मध्ये रूथ वारली.

मेंदूतील दोष काढताना काय वाचवायचे, हा प्रश्न पेनफील्ड यांनी आयुष्यभर सोडला नाही. मेंदूला स्वतःला वेदना होत नाहीत. म्हणून केवळ डोक्याची त्वचा बधिर करून ते जाग्या रुग्णावर शस्त्रक्रिया करीत. विजेच्या सौम्य प्रवाहाने मेंदूच्या एखाद्या बिंदूला स्पर्श करताच रुग्णाचा अंगठा हले, तर दुसऱ्या बिंदूला स्पर्श करताच ओठाला मुंग्या येत. त्या त्या ठिकाणी ते आकडा लिहिलेला कागदाचा लहानसा तुकडा ठेवीत. अशा शेकडो नोंदींतून एडविन बोल्ड्रे यांच्यासह त्यांनी १९३७ मध्ये हालचाल व स्पर्श यांच्या क्षेत्रांचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात हात आणि तोंड यांना फार मोठी जागा आहे, धडाला मात्र अगदी थोडी.

१९३४ मध्ये त्यांनी मॉन्ट्रियल येथे मज्जासंस्थेच्या आजारांसाठी खास संस्था उभारली. भारतातील मेंदू-शल्यचिकित्सेचे आद्य प्रवर्तक डॉ. जेकब चांडी यांनी तेथेच पेनफील्ड यांच्या हाताखाली शिक्षण घेतले आणि १९४९ मध्ये वेल्लोर येथे काम सुरू केले. ५ एप्रिल १९७६ रोजी पेनफील्ड यांचे निधन झाले.

१९९० नंतर मेंदूचा नकाशा कवटी न उघडता काढणारे फंक्शनल एमआरआय हे तंत्र आले. रुग्ण बोटे हलवितो, तेव्हा मेंदूच्या त्या भागाकडे प्राणवायूयुक्त रक्त अधिक धावते आणि चित्रात तो भाग उठून दिसतो. म्हणजे हे यंत्र पेशींचे काम प्रत्यक्ष पाहत नाही, रक्ताच्या वाढत्या ओघावरून ते ओळखते. अडचण येते ती नेमकी येथेच. गाठ शेजारचा भाग ढकलून त्याची जागा बदलते. शिवाय गाठीतील व तिच्या आसपासच्या रक्तवाहिन्या निरोगी रक्तवाहिन्यांप्रमाणे प्रतिसाद देत नाहीत. त्यामुळे हात हलविणारा भाग जिवंत व कामात असूनही चित्रात तेथे काहीच उमटत नाही. कधी तर मेंदूच्या दुसऱ्या अर्ध्या भागातील खूणच तेवढी ठळक दिसते आणि काम तिकडे सरकल्याचा भास होतो. अशा चित्रावर विसंबून गाठीलगतचा भाग कापला, तर रुग्णाचा हात कायमचा लुळा पडू शकतो.

म्हणून गाठ हालचालींच्या क्षेत्राजवळ असेल, तर एमआरआयचे चित्र समोर असतानाही शल्यचिकित्सक पेनफील्ड यांच्याप्रमाणेच मेंदूला विजेचा सौम्य स्पर्श करतात आणि बोट हलते का, ते पाहतात.